भिडेवाड्यातला पाऊस : वक्तृत्व स्पर्धांच्या संयोजकांना खुलं पत्र

प्रति,
जयंत्या-पुण्यतिथ्यांना वक्तृत्व स्पर्धा भरवणारी सर्व मंडळं, प्रतिष्ठानं, वाचनालयं आणि शाळा,
तसंच मुलांना भाषणं लिहून देणारे माझे शिक्षक बंधुभगिनी यांस,

स. न. वि. वि.

आधी एक कबुली देते, मग तक्रार करते.

पंचवीसेक वर्षांपूर्वी पाचवीतल्या एका मुलीला मी ३ जानेवारीसाठी सावित्रीबाईंवर भाषण लिहून दिलं. पोरीचा आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं. माझा मजकूर मात्र पाठ्यपुस्तकातून उचललेला, कोरडा ठाक. जन्म, वडिलांचं नाव, लग्न, शाळा, शेण-दगड, मृत्यू. म्हणून रात्री बसून मी त्यात एक वाक्य घातलं : ‘त्या दिवशी पुण्यात धो धो पाऊस कोसळत होता, भिडेवाड्याच्या पन्हाळीतून धारा लागल्या होत्या आणि सहा चिमुकल्या मुली ओल्या परकरांनिशी शाळेच्या उंबऱ्यात उभ्या होत्या.’ पोरीनं ते असं काही म्हटलं की परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. तालुक्यात पहिला नंबर, फिरता चषक, मुख्याध्यापकांच्या खोलीत फोटो.

पाऊस मी माझ्या मनानं पाडला होता. कुठे वाचला नव्हता.

गेल्या जानेवारीत दुसऱ्याच तालुक्यात परीक्षक म्हणून गेले. सातवीतला एक मुलगा उभा राहिला आणि माझं वाक्य म्हणाला. पन्हाळीच्या जागी पागोळ्या आल्या होत्या, बाकी पाऊस तोच, ओले परकर तेच. दोन स्पर्धकांनंतर एक मुलगी आली, तिच्याही भाषणात पाऊस. तिच्या बाईंना मी हळूच विचारलं, तर म्हणाल्या, ‘अहो, ते मोबाईलवर आलंय की सगळीकडे.’ आणि खरी गंमत पुढेच. त्याच भाषणात शाळेची तारीख दिली होती १ जानेवारी १८४८. म्हणजे ऐन जानेवारीच्या एक तारखेला, पुण्यात, धो धो पाऊस. सभागृहात दोनशे माणसं होती, तीन परीक्षक होते, एक मुख्य पाहुणे होते. कुणाला काही खटकलं नाही. टाळ्या पडल्या. त्यात माझ्याही होत्या.

मी निवृत्त मराठी शिक्षिका. सातारा जिल्ह्यातल्या शाळांत तीस वर्षं शिकवलं आणि त्यातली वीस-बावीस वर्षं तुमच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून बसले. सावित्रीबाईंचं नायगाव आमच्याच जिल्ह्यातलं, खंडाळा तालुक्यातलं. त्यामुळे त्यांच्यावरची भाषणं मी जितकी ऐकली तितकी फार थोड्यांनी ऐकली असतील. ‘सन्माननीय व्यासपीठ, व्यासपीठावरील मान्यवर, गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो, आज मी तुम्हाला दोन शब्द सांगणार आहे, ते तुम्ही शांतपणे ऐकावे अशी माझी नम्र विनंती’ हे वाक्य मला झोपेत म्हणता येतं. तुमचा गुणतक्ताही पाठ आहे : उच्चार, हावभाव, विषयमांडणी, वेळेचं भान. बोललेलं खरं आहे का, याला रकाना नाही. कधीच नव्हता.

तक्रार करायची आहे ती मात्र पावसाबद्दल नाही, ‘पहिली’बद्दल आहे.

‘भारतातील पहिली शिक्षिका.’ ‘पहिली महिला डॉक्टर.’ ‘मराठीतले पहिले पत्रकार.’ ‘पहिले कामगार पुढारी.’ तुमच्या विषयपत्रिका बघा, मुलांची भाषणं बघा. ‘पहिला’ हा शब्द आला की आवाज चढतो, हात वर जातो आणि भाषण तिथेच संपतं. पुढे असतं ते नुसतं जय हिंद, जय महाराष्ट्र. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांनी हे सुरू केलं असेल, स्पर्धा परीक्षांनी घट्ट केलं असेल, पण त्याला टाळ्या आणि चषक दिले ते आपण.

एकदा चौथीच्या वर्गात मी मोठ्या तोऱ्यात विचारलं, ‘पहिली शिक्षिका कोण?’ सगळा वर्ग ओरडला, ‘सावित्रीबाई फुले!’ मागच्या बाकावरनं एकीनं विचारलं, ‘बाई, मग दुसरी कोण?’ मी म्हटलं, आधी फळा पूस. दुसरं काय म्हणणार! मला माहीतच नव्हतं. आणि ते माहीत असायला हवं, असंही तोवर कधी वाटलं नव्हतं.

या ‘पहिली’ची अडचण अशी की ती चटकन मोडते. पुण्यात फुल्यांच्या शाळेआधी मिशनऱ्यांची मुलींची शाळा होती. हे फुल्यांच्या विरोधकांनी शोधून काढलेलं नाही. खुद्द जोतीरावांनीच १८८२ साली सरकारनं शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढच्या निवेदनात ते सांगितलं आहे. मिशनऱ्यांची होती, पण इथल्या माणसांनी चालवलेली नव्हती, म्हणून आपण काढली आणि त्या शाळेत मी व माझ्या पत्नीनं मिळून कित्येक वर्षं काम केलं, असं ते म्हणतात. मुंबईत तर अमेरिकन मिशनच्या मुलींच्या शाळा १८२४ पासूनच्या. बंगालात बारासातला १८४७ साली स्थानिक मंडळींनीच मुलींची शाळा काढली होती. मग आता? दर जानेवारीत कुणीतरी हे उकरून काढतं, कुठल्यातरी ग्रुपवर ‘पहिली नव्हतीच’ म्हणून धुरळा उडतो, आणि ज्या पोरांना आपण फक्त ‘पहिली’ शिकवली त्यांच्या हातात उत्तर द्यायला काहीच नसतं. बाईंचा सगळा मोठेपणा आपण एका खुंटीवर टांगून ठेवला आणि ती खुंटीच हलते आहे. खुंटी निखळली तरी बाई पडत नाहीत, हे मुलांना कुणी सांगितलेलंच नाही.

आठेक वर्षांपूर्वी मी एक खोडी सुरू केली. भाषण झालं की परीक्षक म्हणून एकच प्रश्न विचारायचा. सावित्रीबाईंवर बोललेल्या मुलाला विचारायचं, ‘त्यांच्या मुलाचं नाव काय?’ आजवर दहातल्या एखाद्यानं ‘यशवंत’ सांगितलं असेल. बाकीचे गप्प. एक मुलगी गोंधळून म्हणाली, ‘त्यांना मूल नव्हतं ना?’ तिचंही खरंच होतं.

सात मिनिटांत एवढंच सांगितलं तरी पुरेल असा हा यशवंत आहे. १८६३ साली फुल्यांनी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवा झालेली, कुणीतरी फसवलेली, गरोदर राहिलेली बाई त्या काळी विहीर जवळ करायची किंवा जन्मलेल्या पोराच्या नरड्याला नख लावायची. अशा बायकांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल ठेवावं किंवा ठेवून जावं. यातल्या बहुतेक ब्राह्मण विधवा, आणि त्यांचं बाळंतपण करणाऱ्या सावित्रीबाई माळ्याच्या घरातल्या. ज्यांच्या आळीतून शेण यायचं त्याच आळीतल्या लेकीसुना रात्री दाराशी यायच्या, असं म्हटलं तर फार चुकायचं नाही. काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा तिथे बाळंत झाली. तिचा मुलगा या दोघांनी १८७४ साली दत्तक घेतला. तो यशवंत. पुढे डॉक्टर झाला.

२८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले तेव्हा दत्तक मुलाला अग्नी देण्याचा हक्क नाही म्हणून भाऊबंद आडवे आले. वाद दाराशी चालू असताना सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं, म्हणजे प्रेतापुढे धरायचं विस्तवाचं मडकं, उचललं आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालू लागल्या. आजही गावाकडे बाईनं टिटवं धरलं की वर्तमानपत्रात बातमी येते. १८९० सालची ही गोष्ट. तुमच्या स्पर्धेत मी ती मोजून दोनदा ऐकली आहे. शेण-दगड मात्र हजारदा.

आणि पत्रं? त्यांची जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं छापलेली आहेत. तीनच, पण एकेक पत्र म्हणजे एकेक भाषण आहे. १८५६ चं पत्र नायगावहून, आजारी पडून माहेरी आल्या होत्या तेव्हाचं. भाऊ म्हणतो, तुम्ही नवरा-बायको महार-मांगांसाठी काम करता, वाळीत पडलात, कुळाला बट्टा लावलात. त्यावर बाई त्याला जे ऐकवतात ते असं : तू शेळी-गाईला कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, आणि तुझ्यासारख्याच माणसांना शिवत नाहीस, हे का ते सांग. भावाशी भांडतानाची भाषा आहे ही, पुतळ्याची नाही. त्याच पत्रात पुण्यातल्या शाळेची काळजी आहे : मी नाही म्हणून फातिमाला फार त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करायची नाही. फातिमा शेख या बाईंबद्दल आपल्याला ठाम म्हणून जे माहीत आहे ते जवळजवळ या एका ओळीत मावतं. तरी ‘पहिल्या मुस्लिम शिक्षिका’ म्हणून त्यांच्यावर पाच-पाच मिनिटांची भाषणं मी ऐकली आहेत. पाच मिनिटं कशानं भरली ते तुम्ही ओळखा. पाऊस पाडणारी मी एकटी नाही.

१८६८ च्या ऑगस्टमधलं पत्र त्याहून थरारक. पंचांग घेऊन गावोगाव फिरणारा गणेश नावाचा ब्राह्मण, आणि शारजा नावाची महार समाजातली मुलगी. प्रेम झालं, तिला सहावा महिना लागला, गावाला कळलं. गावानं दोघांना मारत, धिंड काढत चालवलं होतं. मारून टाकायचाच बेत होता. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रज सरकारचा धाक घातला आणि दोघांना सोडवलं. गावाची अट अशी की दोघांनी गाव सोडायचं. ते बाईंनी मान्य केलं आणि जोतीरावांना लिहून कळवलं. दीडशे वर्षं उलटून गेली. अशा बातम्या आपल्याच जिल्ह्यांतून अजून येतात, आणि मध्ये उभं राहणारं माणूस क्वचितच असतं. हे भाषण आठवीच्या मुलीनं केलं तर पहिल्या रांगेतले पाहुणे खुर्चीत चुळबुळ करतील, हे मला ठाऊक आहे. करू देत.

तिसरं पत्र १८७७ चं, जुन्नरजवळच्या ओतूरहून, दुष्काळातलं. ते मी इथे सांगत नाही, मुलांना वाचू द्या.

आता ‘पहिली महिला डॉक्टर’कडे येते, कारण त्या विषयावर मी एका परीक्षक मित्राशी कडाक्याचं भांडले आहे. एका मुलीनं कादंबिनी गांगुलींचं नाव घेतलं म्हणून त्यानं तिचे गुण कापले. ‘पहिली आनंदीबाई जोशी. चूक ती चूक.’ आता बघा. आनंदीबाईंना फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजची पदवी मिळाली ११ मार्च १८८६ ला. कादंबिनीबाई त्याच साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातून बाहेर पडल्या आणि त्यांनी पुढे अनेक वर्षं प्रत्यक्ष रोगी तपासले. आनंदीबाईंना कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या विभागाचं काम मिळालं होतं. ते हाती घेण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या पुण्यात क्षयानं गेल्या. बावीसही पूर्ण नव्हती. मग पहिली कोण? पदवी धरायची की दवाखाना? आम्ही दोघं चहा गार होईपर्यंत भांडलो. नंतर घरी येताना एसटीत मला वाटलं, आपण मूर्ख आहोत. दोन बायकांची आयुष्यं आपण शर्यतीच्या घोड्यांसारखी उभी केली आणि कुणाचं नाक पुढे, ते बघत बसलो.

त्या भांडणात तिसरं नाव दोघांपैकी एकालाही आठवलं नाही. रखमाबाई.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४, मुंबईचा. आनंदीबाईंचा ३१ मार्च १८६५. चार महिन्यांचं अंतर. दोघींची लग्नं कोवळ्या वयात झाली : आनंदीबाईंचं नवव्या वर्षी, रखमाबाईंचं अकराव्या. आनंदीबाईंचा नवरा शिकवण्याच्या हट्टाला पेटलेला. तो हट्ट प्रेमाचा किती आणि जाचाचा किती, यावर वेगळं पत्र लिहावं लागेल. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. वैद्यकी शिकायची ती त्यातून उठलेली गरज. रखमाबाई सासरी गेल्याच नाहीत. आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाचत बसल्या. नवरा दादाजी भिकाजी यानं १८८४ साली कोर्टात दावा लावला : बायको ताब्यात द्या. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. नकळत्या वयात लागलेलं लग्न आणि नंतर कधी एकत्र राहिलेच नाहीत, अशा बाईला जबरदस्तीनं पाठवता येत नाही, असा त्यांचा कल. गहजब झाला. अपील झालं. टिळकांनी रखमाबाईंच्या विरोधात लिहिलं. रखमाबाईंनी त्याआधीच ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावानं ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहावर पत्रं लिहून ठेवली होती.

आता तारखा जुळवून बघा, कारण हे मला साठी ओलांडल्यावर सुचलं आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसले. आनंदीबाई १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात पदवी घेत होत्या, त्या सुमारास मुंबईत रखमाबाईंच्या खटल्याचं अपील चाललं होतं. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ ला गेल्या. त्यानंतर सहाव्या दिवशी, ४ मार्चला, न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना सांगितलं : नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाते.

त्या आठवड्यात मुंबई-पुण्यातल्या घराघरांतून काय बोलणं झालं असेल? एकीसाठी हळहळ आणि दुसरीसाठी बोटं मोडणं, एकाच ओसरीवर, कदाचित एकाच तोंडातून. पहिली कोण हा प्रश्न विचारला की हा आठवडा दिसतच नाही. दोघी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं होऊन वेगवेगळ्या पानांवर जातात.

शेवटी १८८८ मध्ये दादाजीनं दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला. रखमाबाई लंडनला गेल्या, बायकांच्या मेडिकल स्कूलमध्ये शिकल्या, डॉक्टर होऊन परत आल्या आणि सुरत, मग राजकोट असं करत साधारण पस्तीस वर्षं त्यांनी बायकांचे दवाखाने चालवले. १९५५ साली, नव्वद वर्षांच्या होऊन गेल्या. मुलींशी शरीरसंबंधाचं किमान वय वाढवणाऱ्या १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यामागे त्यांच्या खटल्याचा धक्का होता. आता एवढ्या मोठ्या आयुष्याला पहिला नंबर कशात द्यायचा? म्हणून मग शाळेच्या फळ्यावर त्यांचं नावच येत नाही. मी तीस वर्षांत एकदाही लिहिलं नाही, हेही सांगून टाकते.

पुरुषांचं काही निराळं नाही. ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकर येतात : ‘दर्पण’, १८३२, पहिले पत्रकार, टाळ्या. १८४३ साली मिशनऱ्यांकडे राहिलेल्या श्रीपत शेषाद्री या मुलाला परत जातीत घ्यावं म्हणून याच बाळशास्त्रींनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला, हे किती मुलांच्या भाषणात असतं? नारायण मेघाजी लोखंडे तर एका रविवारात संपतात. गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी मिळाली ती १० जून १८९० ला, हे पाठ असतं. ९ फेब्रुवारी १८९७ ला ते मुंबईत प्लेगनं गेले, हे नसतं. त्याच प्लेगच्या साथीत, जेमतेम महिन्यानं, सावित्रीबाई. मुंढव्याच्या गायकवाडांचं प्लेग झालेलं पोर पाठीवर घेऊन त्या यशवंतच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात आल्या, त्यात त्यांनाच लागण झाली आणि १० मार्चला गेल्या. सहासष्ट वर्षांची बाई पाठीवर दहा-अकरा वर्षांचं पोर घेऊन चालते आहे. मुलांना मी सांगते, आपल्या आजीला डोळ्यांसमोर आणा. तिच्या पाठीवर बसून बघा, मनातल्या मनात.

आता म्हणणं काय, ते सांगते.

विषयपत्रिकेतून ‘जीवन आणि कार्य’ हे दोन शब्द काढा. जीवन आणि कार्य सात मिनिटांत सांगता येत नाही. सांगायला गेलं की सनावळी होते. त्याऐवजी एक दिवस द्या, एक पत्र द्या, एक भांडण द्या. ‘शारजाला सोडवलं तो दिवस.’ ‘४ मार्च १८८७.’ लहान गटाला ‘सावित्रीबाई आणि त्यांचा भाऊ’ एवढा विषय दिला तरी घरात भाऊ असलेली प्रत्येक मुलगी बोलेल. हातात कागद असू द्या. कागद बघून बोललं की गुण कापायचे हा नियम कुणी केला माहीत नाही, पण त्यानं आपण वाचणारी मुलं घालवली आणि पाठ करणारी ठेवली. ‘हावभाव’चे पाच गुण कमी करा, फार आक्रस्ताळेपणा चाललाय, सहावीतली पोरं व्यासपीठावर छाती बडवून घेताना मी पाहिली आहेत. त्या पाच गुणांचा एक नवा रकाना करा : ‘हे तुला कुठे मिळालं?’ उत्तर ‘आजीनं सांगितलं’ असलं तरी चालेल. ‘मोबाईलवर आलं’ चालणार नाही.

तुम्ही म्हणाल, बाई, एवढी पुस्तकं आणायची कुठून आणि मुलांना वाचायला वेळ कुठे. सावित्रीबाईंचं सगळं लेखन एका पुस्तकात मावतं आणि तालुक्याच्या वाचनालयात ते असतं. माझ्या तालुक्यात आहे, कार्डावरचा शेवटचा शिक्का बऱ्यापैकी जुना आहे. चषकाला तुम्ही जे पैसे घालता त्यात अशा दहा प्रती येतील. चषक तसाही फिरता असतो. पुस्तकं फिरवा.

शिक्षक मित्रांनो, तुमच्यावर रोख नाही. डिसेंबरच्या शेवटी पोषण आहार, स्नेहसंमेलन, दहा प्रकारच्या ऑनलाइन माहित्या आणि वर ‘मॅडम, भाषण लिहून द्या ना’ ही गर्दी मी भोगली आहे. पण एक करून बघा. भाषण लिहून देऊ नका. पत्राचं एक पान द्या आणि मुलाला विचारा, यात तुला काय पटलं नाही. मग गप्प बसा. फार अवघड जातं, पण बसा.

चौथीतल्या त्या मुलीचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. दुसरी कोण? शिक्षिकांची यादी मी देऊ शकत नाही, पण फुल्यांच्या शाळेतली एक विद्यार्थिनी मला ठाऊक आहे. मुक्ता साळवे, मांग समाजातली, चौदाएक वर्षांची, जेमतेम तीन वर्षं शिकलेली. तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला, ‘मांग-महारांच्या दुःखाविषयी’. वेद जर फक्त ब्राह्मणांचे, तर आमचा धर्म कोणता, हे देवा तूच सांग, असं ती त्यात विचारते. मोठाल्या इमारतींच्या पायात तेल-शेंदूर पाजून आपली माणसं पुरली गेली, हे लिहिते. आणि एका ठिकाणी लिहिते की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परसुद्धा नसतं; थंडी, वारा, पाऊस यांत त्यांना किती दुःख होत असेल.

ती ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझी नोकरी संपत आली होती. फुल्यांच्या शाळेशी जोडलेला पाऊस मी पंचवीस वर्षांपूर्वी मनानं पाडला होता. आणि त्याच शाळेतल्या मुलीनं खराखुरा पाऊस लिहून ठेवला होता, छप्पर नसलेल्या घरावरचा. मी तो शोधायला गेले नाही, कारण मला टाळ्यांपुरता पाऊस हवा होता.

यंदा ३ जानेवारीला परीक्षक हवी असेल तर कळवा. एसटीला मला अर्धं तिकीट पडतं, तेवढं दिलंत तरी पुरे. शाल-श्रीफळ नको, घरात शाली ठेवायला जागा नाही. प्रश्न मी दरवेळेसारखा एकच विचारणार, आणि यंदा तो आधीच फोडते : मुक्ताच्या निबंधात पाऊस कुठे आहे? आणि एखादं मूल व्यासपीठावर हात वर करून ‘भिडेवाड्यावर धो धो पाऊस कोसळत होता’ असं म्हणालंच, तर कृपा करून त्याचे गुण कापू नका. ते वाक्य माझं आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका
जिल्हा सातारा